कागदी मण्यांची वेल

जयपूरच्या मालवीय नगरात तेव्हा नळाला सकाळी तासभरच पाणी यायचं. त्या तासात मी कुणाची बायको नसे, कुणाची आई नसे. नुसती पाणी भरणारी बाई असे. त्या दिवशी तर रात्री आँधी येऊन गेली होती. ओट्यावर, चादरींवर, मिठाच्या बरणीच्या झाकणावर झालान्याच्या टेकडीकडून आलेली बारीक वाळू पसरली होती. एका हातानं ती पुसत होते, दुसऱ्या हातानं पिंपात नळी धरली होती, आणि आमचे हे न्हाणीघरातून टॉवेल मागत होते. तेवढ्यात दार वाजलं.

"आले, आले!"

दार वाजतच राहिलं. घाईनं नाही, रागानंही नाही. कुणी शांतपणे पोळी लाटत असावं तसं एका लयीत. तेव्हा लक्षात आलं, ही सोहनींची मधू. आपण आतून दिलेली हाक तिला ऐकू येत नाही. ती एका हातानं कडी वाजवते आणि दुसरा तळवा दारावर सपाट ठेवून उभी राहते. आपली पावलं जवळ आली की दाराचं लाकूड तिच्या तळव्याला ते सांगतं. मग ती थांबते.

दार उघडलं. मधू हातात बुटांचं रिकामं खोकं घेऊन उभी होती.

"काकू, पाणी भरून व्हायचंय का?"

"व्हायचंय. ये आत."

"मग मी नळी धरते. तुम्ही काकांना काय हवंय ते द्या आधी."

"ते हाका मारतायत हे तुला कसं कळलं गं?"

"तुमच्या कपाळावरून," ती म्हणाली, आणि खोकं ओट्यावर ठेवून तिनं नळी हातात घेतली.

मी टॉवेल देऊन परत आले, तर पिंप काठोकाठ भरलं होतं आणि तिनं नळी माठात घातली होती. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "रविवारी मला बघायला येतायत. इंदूरचे आहेत. आईनं त्यांना मशीनचं सांगितलेलं नाही."

नळ तसाच वाहत राहिला. माठ भरून पाणी मोरीत गेलं तरी आमचं दोघींचं लक्ष नव्हतं.

मधुमती म्हणजे शेजारच्या उमाकांत सोहनींची एकुलती एक मुलगी. उमाकांतराव केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात. मूळ वाईकडचे. बदली होऊन जयपूरला आले तेव्हा मधू पाचवीत होती. आम्ही विमा कंपनीच्या बदलीवर आलो ते पुष्कळ नंतर. तोवर मधूचे कान जाऊन बरीच वर्षं झाली होती. चौदाव्या वर्षी तिला क्षय झाला. इंजेक्शनांनी आजार बरा केला, आणि जाता जाता कान नेले. एकात काहीच उरलं नाही. उजव्यात थोडं उरलं, तेही मशीन लावलं तर.

मशीन म्हणजे तेव्हा काडेपेटीहून जरा मोठी डबी. ती कपड्यांच्या आत छातीशी लावायची. तिच्यातून एक वायर निघून कानापर्यंत जायची आणि कानात रुपयाएवढं गोल बटण बसायचं. एवढं सगळं करून मधूला ऐकू यायचं ते अर्धमुर्धं. उरलेलं ती समोरच्याच्या ओठांवरून घ्यायची. बोलणं मात्र तिचं स्वच्छ होतं, कारण चौदा वर्षं ती ऐकत आली होती. फक्त आवाजाला चढउतार कमी. सरळ रस्त्यावरून चालल्यासारखी ती बोलायची.

उमाकांतरावांना पूर्वी भरघोस मिशा होत्या, असं मधूच्या आईनं, जयंतीवहिनींनी, एकदा सांगितलं. मुलीला ओठ दिसेनात म्हणून त्यांनी एके दिवशी कचेरीत जाण्यापूर्वी त्या काढून टाकल्या. कचेरीतल्या लोकांना वाटलं, घरात कुणी गेलं. लोक भेटायला आले. त्यांना चहा द्यावा लागला.

मण्यांची सुरुवात इस्पितळातली. तिथं औषधाच्या भुकट्या कागदी पुड्यांत मिळत. रिकाम्या पुडीचा कागद काडेपेटीतल्या काडीभोवती गुंडाळत पडून राहायचं, एवढाच उद्योग त्या पोरीला होता. गुंडाळता गुंडाळता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. कागद सरळ पट्टीचा असेल तर नळी होते, आणि लांबट त्रिकोणी असेल तर मणी होतो. रुंद बाजू आधी काडीवर घ्यायची आणि निमुळतं टोक शेवटी आणायचं. मध्ये फुगीर, कडांना बारीक, असा पोटाचा मणी तयार. टोकाला मैद्याची खळ लावायची, वाळवायचा आणि वर व्हार्निशचा हात द्यायचा. मग तो पाण्यालाही दाद देत नाही.

"बाहेर दिसतात त्या फक्त कडा, काकू," तिनं मला शिकवताना सांगितलं होतं. "सगळा कागद आत जातो."

माझे मणी कधी नीट झाले नाहीत. टोक मधोमध यायचंच नाही. मणी एकीकडे झुकलेला. मधू तो बोटांत फिरवून बघायची आणि गंभीरपणे म्हणायची, "याला जरा चहा पाजा, झोपेत आहे."

कागद ती सांगानेरहून आणायची. तिथं हातकागद करणारी घरं आहेत. कागदाच्या कडा कापल्या की जी कात्रणं पडतात, ती ते वजनावर देतात. हळदी रंगाची, जांभळी, विटकरी, कधी आत गुलाबाच्या पाकळ्या पेरलेली. मी दोन-तीनदा तिच्याबरोबर बसनं गेले. एक म्हातारे कागदवाले होते. त्यांच्या तोंडात कायम बिडी. पहिल्याच वेळी मधूनं त्यांना सांगितलं, "चाचा, पहले बीड़ी निकालो, फिर भाव बोलो." म्हातारा इतका हसला की बिडी आपसूकच खाली पडली. पुढे आम्ही दिसलो की तो लांबूनच बिडी विझवायचा.

त्या मण्यांची ती कानातली करायची. साधी नव्हेत. आपल्याकडच्या नाजूक कुड्या बघितलेल्या माझ्या डोळ्यांना पहिल्यांदा ती भयंकरच वाटली. तळहाताच्या खळग्याएवढी चकती, तिच्याभोवती मण्यांची दुहेरी रांग, खाली खांद्याला टेकतील अशा लडी. एक विटकरी, एक काळी, मध्येच एक पिवळीजर्द. बघणाऱ्याला वाटावं, कान तुटणार. आणि हातात घ्यावं तर काही नाहीच. वाळलेल्या पानाएवढं वजन.

"एवढी मोठी कशाला करतेस गं?" मी विचारलं होतं.

तिनं उजव्या कानावरची चकती जरा उचलून दाखवली. खाली मशीनचं बटण होतं.

"मी एकटीनं घातली तर लोक म्हणतील, काय लपवतेय. सगळ्या जणींनी घातली तर फॅशन."

आणि खरंच तसं झालं. कॉलनीतल्या कॉलेजच्या मुली, छावणीतल्या आपल्या मराठी फौजींच्या बायका, पलीकडच्या शेखावतांच्या दोन्ही सुना, सगळ्यांच्या कानांत मधूची कानातली. हळदीकुंकवाला बायका जमल्या की खोलीभर रंगीत चकत्या हलत असत. त्या गर्दीत मधूच्या कानाकडे कुणी बघत नसे. तिनं ही सगळी आरास स्वतःला लपवण्यासाठी केली होती, हे कळल्यापासून मला त्या कानातल्यांचं कौतुक करताना जरा जपून बोलावं लागे.

तर त्या सकाळी तिनं खोकं उघडलं. आत कानातल्यांचा नवा जोड होता, गडद निळा, आणि त्याच्यासोबत मशीनची वायर. पण वायर ओळखूच येत नव्हती. तिच्यावर एकाला एक लागून बारीक निळे मणी होते.

"हे काय?"

"वेल," मधू म्हणाली. "आईची कल्पना."

वेल म्हणजे कानातल्याला अडकवून वर केसांत खोचायची मण्यांची सर. कानातलं जड असलं की कानाची पाळी ओघळू नये म्हणून ती घालायची. जयंतीवहिनींच्या सासूबाईंची मोत्यांची होती म्हणे. वायर कानापासून वर केसांत न्यायची, वेणीखालून मागे आणायची आणि मानेजवळून पदराखाली सोडायची, म्हणजे बघणाऱ्याला दिसेल ती फक्त वेल. दुसऱ्या कानाला जोड म्हणून नुसत्या दोऱ्यातली तशीच वेल.

"वायरची पिन मण्याच्या भोकातून जाईना," मधू सांगत होती, "म्हणून मणी वायरवरच गुंडाळले. एकेक. व्हार्निश लावता येत नाही. त्यानं वायरचं रबर खराब होतं. नुसती खळ आहे."

काम अप्रतिम होतं. मी तसं म्हणालेही. तिनं खोक्याचं झाकण लावलं.

"फोटो बघितला का मुलाचा, काकू?"

"नाही. कसा आहे?"

"मिशी आहे. इथपासून इथपर्यंत. हा माणूस जन्मभर काय बोलला ते मला कळायचंच नाही." ती हसली, आणि मग हसणं तसंच चेहऱ्यावर ठेवून म्हणाली, "मला लग्न करायचंय, काकू. खोटं कशाला सांगू? पण तिथं रोज वेल घालून बसायचं का?"

मी म्हटलं, "आईशी बोललीस?"

"आई माझ्याशी बोलते. मी आईशी बोलले की ती पाठ फिरवते. पाठ फिरवली की माझ्याशी भांडण संपतंच ना."

शनिवारी दुपारी जयंतीवहिनी मधूला घेऊन आमच्याकडे आल्या. घरच्यापेक्षा परक्या डोळ्यांनी बघितलेलं बरं, म्हणून. मधूला त्यांनी अंजिरी साडी नेसवली होती. कानांत निळ्या चकत्या, आणि त्यांच्यावरून केसांत गेलेली निळी वेल. मी पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं. मला माहीत होतं म्हणून. नाहीतर ब्रह्मदेवालाही संशय आला नसता. उलट ती भलतीच रुबाबदार दिसत होती.

"बघा," वहिनी म्हणाल्या. "काय कमी आहे माझ्या लेकीत?"

"काही नाही."

"आता नमस्कार कसा करायचा ते एकदा करून बघू. मधू, आतला पाट आण गं."

मधू आत गेली. आम्ही दोघी बसून राहिलो. जरा वेळानं ती दारात आली ती सांडशीत भाताचं पातेलं धरून. नुकताच उतरवलेला भात, वाफ येतेय, आणि ही अंजिरी साडीत, एवढाली कानातली घालून उभी.

"कुठं ठेवू?" तिनं विचारलं.

मला हसू आवरेना. मधूही हसली, पण काय चुकलं ते न कळल्याचं हसू होतं ते. पाट म्हणा नाहीतर भात म्हणा, ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. एरवी तिच्या मशीनमधून त्यातला फरक थोडा तरी कानात जायचा.

जयंतीवहिनी हसल्या नाहीत. "काय झालं तुला आज? इतकं साधं ऐकू येत नाही?"

मधूनं पातेलं खाली ठेवलं. "आई, मान हलली की हे मणी एकमेकांवर घासतात. वायरमधून सगळं कानात येतं. सुपात धान्य पाखडावं तसं. तू काय बोललीस ते त्यात गेलं."

"मग मान हलवू नकोस."

"बाहुलीसारखी बसू?"

"एक तास! एक तास बसता येत नाही तुला?"

मधू पातेलं उचलून आत गेली. ती गेल्यावर वहिनी माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. मधूपासून काही लपवायचं तर आवाज खाली आणायची गरज नव्हती, पण आई ती आईच.

"वहिनी, मला वाईट म्हणू नका. आधी सांगून बघितलंय आम्ही. आधी सांगितलं की पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतात. न बघता! एकानं तरी येऊन बघावं ना माझ्या पोरीला. तिच्या हातचं खावं, ती कशी बोलते ते बघावं. मग नाही म्हणा. मी खोटं बोलत नाहीये हो. मी फक्त नंतर बोलणार आहे."

"आणि नंतर त्यांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत?"

"तेव्हा बघू," त्या म्हणाल्या, आणि मांडीवरची, नसलेली वाळू झाडू लागल्या. मग म्हणाल्या, "लोक काय विचारतात ते ठरलेलं असतं. नाव, शिक्षण, आवड, स्वयंपाक. मी तिला क्रम पाठ करून दिलाय. त्या क्रमानं उत्तरं दिली की झालं. उद्या तुम्ही या. माझे हातपाय गळतात ऐन वेळी."

रविवारी आठले मायलेक आले. इंदुमतीबाई आठले, हडकुळ्या, चष्मा लावलेल्या, पुण्यातल्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापिका वाटाव्यात अशा. मुलगा श्रीपाद. इंदूरला सरकारी छापखान्यात नोकरी. मिशी फोटोतल्याहून दाट होती. मला ती बघून उगीच राग आला. माणूस भला दिसत होता. बसल्या बसल्या त्यानं कूलरकडे बघून म्हटलं, "आमच्या इंदूरच्या रात्री गार असतात हं," आणि मग आपण फार बोललो की काय, अशा चेहऱ्यानं गप्प झाला.

मी स्वयंपाकघरातून पोह्यांच्या बश्या भरून दिल्या. मधू ताट घेऊन बाहेर गेली आणि मी दाराशी उभी राहिले. मधूनं नमस्कार केला, आईनं सांगितल्याप्रमाणे मान न हलवता, कमरेतून वाकून. खुर्चीवर बसली. पाठ ताठ.

"नाव काय बाळ?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"मधुमती."

"छान. शिकलीस कुठं?"

"बी. ए. केलं. घरी अभ्यास करून. प्रायव्हेट."

"आणि रिकाम्या वेळात काय करतेस?"

"कागदाचे मणी करते. त्यांची कानातली करते. ही मीच केलीयत."

"कागदाची?" इंदुमतीबाई चष्मा सावरून पुढे झुकल्या. "अगं बाई! मला वाटलं लाकडाची. आणि ही वेल पण? श्रीपाद, बघ रे. आमच्या आजीला होती अशी. हल्ली कोण घालतं?"

श्रीपादनं बघितलं, मान डोलावली, पोह्यांचा घास घेतला. जयंतीवहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे चमकत होते. सगळं क्रमानं चाललं होतं. नाव झालं, शिक्षण झालं, आवड झाली.

मग इंदुमतीबाईंनी बशी मांडीवर ठेवली. चमच्यानं शेंगदाणा एका बाजूला केला. अवघड काही विचारायचं असलं की माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, तसं बशीत बघत त्या म्हणाल्या, "विचारू नये, पण विचारलेलं बरं. याआधी कुठं ठरून मोडलं होतं का?"

मधूनं त्यांचे ओठ पाहिलेच नाहीत. तिनं फक्त प्रश्न संपलेला पाहिला. ती प्रसन्न हसली.

"हो," ती म्हणाली. "आईमुळेच."

कूलर घरघरत होता. बाहेर कुठंतरी मोर ओरडला. इंदुमतीबाईंनी मान वर करून आधी मधूकडे आणि मग जयंतीवहिनींकडे पाहिलं. श्रीपादचा चमचा बशीच्या कडेला टेकून राहिला.

"नाही हो," जयंतीवहिनी म्हणाल्या. "तसं नाही. तिला वाटलं तुम्ही..." आणि त्या थांबल्या. पुढचं वाक्य कुठं जातं हे त्यांना तिथंच दिसलं असणार. तिला वाटलं स्वयंपाकाचं विचारलंत, असं म्हणावं तर तसं का वाटलं ते सांगावं लागणार. न सांगावं तर मोडलेलं लग्न तसंच खोलीत उभं राहणार, तेही आईनं मोडलेलं.

"कुणाकडे ठरलं होतं?" इंदुमतीबाईंनी हळूच विचारलं. आता त्या वहिनींकडे बघत होत्या.

"कुठंच नाही," उमाकांतराव म्हणाले. त्यांचा आवाज कोरडा होता. "कुठंच ठरलं नव्हतं."

"मग ती..."

मधू एकेकाचा चेहरा बघत होती. काहीतरी सांडलंय एवढं तिला कळलं होतं, काय ते नाही. शेवटी तिची नजर दाराकडे, माझ्याकडे आली. मी आवाज न काढता, सावकाश, हिंदीत ओठ हलवले, कारण बाहेरच्या जगाचे ओठ ती हिंदीतच वाचायला शिकली होती: "खाना नहीं. टूटा हुआ रिश्ता."

तिचं हसू हळूहळू उतरलं. तिनं आईकडे पाहिलं. वहिनींनी मान खाली घातली होती.

मधूनं समोरच्या पेल्यात बोटं बुडवली. मला आधी कळेना ही काय करतेय. मग ती ओली बोटं तिनं मानेजवळच्या मण्याला लावली, जिथं वेल वेणीखालून पुढे येऊन पदरात जात होती. खळीचंच चिकटवलेलं. जरा वेळ धरून राहिली. मग नखानं टोक उचललं आणि ओढलं. मणी गरगर फिरत सुटला आणि निळ्या कागदाची लांब पट्टी तिच्या मांडीवर आली, टोकाशी बारीक, मग रुंद, रुंद. तिथं वायर उघडी पडली. पिवळट, साधी, विजेच्या दिव्याची असते तशी. पुन्हा पेल्यात बोटं. दुसरा मणी. तिसरा.

श्रीपादनं बशी खाली ठेवली. इंदुमतीबाईंचा चष्मा नाकावरून घसरला होता, तो त्यांनी वर केला नाही. मधूच्या मांडीवर निळ्या पट्ट्या जमत होत्या. तिची बोटं मणी करताना चालत तशीच चालत होती, फक्त उलटी. मानेवरचे संपले. मग तिनं कानावरची चकती काढून ठेवली. आतलं गोल बटण दिसलं. कानापासून केसांत जाणारे मणी तेवढे राहिले. तिथं तिला दिसत नव्हतं. ती चाचपडत होती. एक मणी केसांत अडकला. तिनं ओढला तशी डोळ्यांत पाणी आलं.

"थांब," जयंतीवहिनी म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कोण जाणे. मधूला तर ऐकू आलं नाही. त्या उठल्या, मुलीच्या उजव्या बाजूला गेल्या आणि पेल्यात आपली बोटं बुडवली. मधू दचकली, मग स्थिर झाली. वहिनींनी केस बाजूला केले, मणी भिजवला, टोक शोधलं. एकेक मणी त्या सोडवत गेल्या. केस एकही ओढला गेला नाही. शेवटची पट्टी सुटली तेव्हा मशीन क्षणभर शिटीसारखं वाजलं. मधूनं पदराखाली हात घालून डबीचं चाक जरा फिरवलं. शिटी थांबली.

वहिनी तिथंच तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या.

"मला कमी ऐकू येतं," मधू इंदुमतीबाईंना म्हणाली. तिच्या नेहमीच्या, सरळ रस्त्यावरच्या आवाजात. "एका कानानं काहीच नाही. दुसऱ्यानं या मशीनमुळे थोडं. लहानपणी आजारानं गेलं. तुम्ही आत्ता काय विचारलंत ते मी ऐकलं नाही. मला वाटलं स्वयंपाकाचं विचारलंत."

इंदुमतीबाईंनी तोंड उघडलं. काही बोलण्याआधी सवयीनं त्यांची नजर पुन्हा मांडीवरच्या बशीकडे गेली.

"तुम्हाला विचारायचंय ते सगळं विचारा," मधू म्हणाली. "फक्त माझ्याकडे बघून विचारा."